पाच संस्था, पाच याद्या, पोरं तीच

तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पाच संस्था काम करतात. दोन शिक्षणात, एक पोषणात, एक बालविवाह रोखण्यात आणि एक बचत गटांतून बायांचं उत्पन्न वाढवण्यात. मुलांची गरिबी हटावी हे सगळ्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. दर महिन्याला समन्वय बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो आणि दिवाळीच्या मागेपुढे पोरं नेहमीसारखी ट्रॅक्टरवर बसून निघून जातात. मग खरं सहकार्य म्हणजे नेमकं करायचं काय?

मी या कामात वीस-बावीस वर्षं आहे. निम्मी वर्षं बीडकडच्या बालाघाट डोंगररांगेतल्या गावांत गेली, निम्मी कारखान्यांच्या पट्ट्यात. दोन्हीकडून पाहिलेलं असल्याने थोडं लांबवून सांगते.

पुढच्या महिन्याची बैठक रद्द करा आणि त्या दिवशी पाचही संस्थांनी आपापल्या मुलांच्या याद्या घेऊन एका खोलीत बसा. अजेंडा नको, पाहुणे नकोत. आम्ही हे पहिल्यांदा केलं ते शाळेच्या एका वर्गात, सतरंजीवर. कुणाची यादी एक्सेलमधून छापलेली, कुणाची दोनशे पानी वहीत, एका ताईंची तर रेशन दुकानाच्या पावत्यांच्या मागे लिहिलेली. नावं मोठ्याने वाचायला लागलो. एका यादीत ‘सोनी’, दुसरीत ‘सोनाली’, तिसरीत आडनावाच्या जागी वस्तीचं नाव, चौथीत वय दोन वर्षांनी कमी. बापाचं आणि मुकादमाचं (म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्याला नेणाऱ्याचं) नाव जुळलं तेव्हा कळलं की ही एकच मुलगी. चार संस्थांच्या अहवालांत ती चार वेळा लाभार्थी होती आणि आदल्या हंगामात पोरगी उसाच्या फडावर धाकट्या भावाला काखेत घेऊन पाचट गोळा करत होती. तिच्या आजीशी बोलणं, तिला गावात ठेवून घेणं, आई-बाप तोडीला गेल्यावर मुलांची गावात सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहात तिचं नाव घालणं, यातलं एकही काम चौघांपैकी कुणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. त्याच दुपारी असंही निघालं, की दोन गावांच्या शिवेवरची सात-आठ घरांची वस्ती एकाही यादीत नाही. या गावात काम करणाऱ्यांच्या हिशेबी ती त्या गावात होती, त्यांच्या हिशेबी या गावात.

माझ्या अनुभवात सहकार्याची सुरुवात इथून होते. एक यादी करा. रकाने फार नकोत: मुलाचं नाव, घरी मारतात ती हाक, आईचं नाव, बापाचं नाव, शाळेतला सरल क्रमांक (सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक), मुकादमाचं नाव, यंदाचा कारखाना, मूल जाणार की राहणार, राहणार तर कुणापाशी. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: आपल्यापैकी याला कोण बघणार. तिथे संस्थेचं नाव लिहू देऊ नका, माणसाचं लिहा. संस्थेचं लिहिलं की जबाबदारी सगळ्यांची होते आणि कुणाचीच राहत नाही. माणसाचं लिहिलं की त्याला रात्री नऊ वाजता फोन जातो.

यादी कधी करायची, यावर मी जरा हट्टी आहे. पोळ्याच्या सुमारास सुरू करा, दसऱ्याच्या आत संपवा. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच वाटली गेलेली असते, त्यामुळे कोणता कोयता कुठल्या कारखान्याला जाणार हे गावाला तेव्हाच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते आपल्याला. (बाहेरून आलेल्यांसाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल बहुतेक जोडीवरच मिळते. हे पुढे लागणार आहे.) हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने करायची असते, आणि मंजुरीचा कागद टोळ्या गेल्यावर हातात पडला तर त्याचा उपयोग शून्य. एकत्र यादी सप्टेंबरात तयार असेल तर पाच संस्था मिळून एक अर्ज, एक आकडा घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे उभं राहता येतं. पाच वेगवेगळे आकडे नेले की तिकडून ‘आधी तुमचं ठरवा’ असं उत्तर येतं, आणि ते चूक नसतं.

ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र टाकू नका. एका वर्षी बालविवाहाची जोखीम असलेल्या मुलींची नावं कुणीतरी भाबडेपणाने समन्वयाच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती गावात फिरली. एका घराने अब्रूचा प्रश्न केला आणि जे लग्न कदाचित वर्षभर लांबलं असतं ते पंधरा दिवसांत उरकलं. ती चूक आमच्या गटातली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. आता २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा विषय आणलाच आहे, पण कायदा नसता तरी नियम तोच ठेवायचा: पूर्ण यादी दोघांकडे, बाकीच्यांकडे फक्त आपापल्या मुलांची पानं.

आता खरी गोष्ट. तुमच्या पाच संस्थांनी आपसात कितीही जमवलं तरी अर्धंच काम होईल, कारण सहावा जोडीदार तुमच्या तालुक्यात नाहीच. तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मूल तिकडे असतं आणि आपण इकडे बसून त्याच्या गरिबीवर बैठक घेतो. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा पहिली शंका मला हीच आली, की तिकडच्या एका तरी संस्थेचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का?

कारखान्याकडचा जोडीदार शोधताना एक बारकावा लक्षात घ्या. गाडी सेंटरवाले, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे, बहुतेक कारखान्याजवळ एका तळावर हंगामभर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहतात. तिथे साखरशाळा, म्हणजे मजुरांच्या मुलांची हंगामी शाळा, चालू शकते, जवळच्या शाळेत मुलं घालता येतात, अंगणवाडी सेविका येऊन जाऊ शकते. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र ऊस तुटेल तशा गावोगाव सरकतात. आठ-पंधरा दिवसांत कोपी हलते. तिथे साखरशाळेचा आग्रह धरणं म्हणजे पळत्याच्या मागे फळा घेऊन धावणं. या टोळ्यांच्या मुलांसाठी गावातच राहण्याची सोय करणं आणि अगदी लहान पोरांसाठी प्रत्येक मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीला आधी कळवणं, एवढंच जमतं. म्हणजे तुमच्या यादीत कारखान्याच्या शेजारी ‘गाडी की टोळी’ हा रकाना हवा. त्यावरून ठरतं की तिकडच्या संस्थेकडून काय मागायचं.

हातात हात कसा द्यायचा ते एका पोराच्या उदाहरणाने सांगते. अकरा महिन्यांचं बाळ, दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित, पट्टीवरचा लाल भाग. कुपोषित मुलांना जादा आहार देणाऱ्या गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात नाव घातलं, आठवडाभर आहार सुरू झाला, वजन हलायला लागलं आणि टोळी निघाली. पूर्वी इथे गोष्ट संपायची. सेविका ‘स्थलांतरित’ असा शेरा मारायची, पोषणवाली संस्था ‘उपचार अपूर्ण’ लिहायची, आणि बाळ एप्रिलमध्ये परत आलं तर आलं. त्या वर्षी आमच्या कार्यकर्तीने आईच्या ओच्यात एक चिठ्ठी दिली, तिकडच्या संस्थेतल्या बाईंना फोन केला, त्यांनी मुक्कामाच्या गावच्या सेविकेला गाठलं. सेविकेची पहिली प्रतिक्रिया होती, ‘माझ्या पटावर नाही.’ ती वाईट बाई नव्हती, तिला तिच्या पटाचा हिशेब द्यायचा असतो. अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये स्थलांतराची सोय आहे, राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणालीही आणली, पण तिकडची बाई मोटारसायकलवर बसून कोपीपर्यंत गेली म्हणून ते बाळ दुसऱ्या पटावर चढलं. तीन फोन, एक चिठ्ठी, एक चक्कर. मला विचाराल तर संस्थांमधलं सहकार्य मोजायचं एकक हेच आहे.

शाळेचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याने दाखल्याला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हमी कार्ड त्याचसाठी आहे, की मूल जाताना ते कुठवर शिकलंय हे त्याच्याबरोबर जावं. पण कार्ड भरून दिलं आणि पुढच्या मुख्याध्यापकांना कुणी सांगितलंच नाही, तर ते कपड्यांच्या बोचक्यात राहतं. आणि कर्नाटकात गेलेल्या पोराच्या समोर कानडी फळा असतो, तिथे आपलं कार्ड काय करणार? त्या टोळ्यांच्या शाळकरी मुलांना गावात ठेवण्यावर जास्त जोर लावा.

रेशन हा सगळ्यात सोपा भाग, तरी सुटून जातो. एक देश एक रेशन कार्डमुळे धान्य कारखान्याकडे उचलता येतं, आणि त्याच कार्डावर थोडं तिकडे थोडं इकडे असंही वाटून घेता येतं. म्हणजे आजीपाशी राहिलेल्या नातवंडांचं गावात, आई-बापाचं तिकडे. बचत गटवाल्या संस्थेने दसऱ्याच्या आधी बायांना हे समजावलं आणि आधार जोडणी तपासून घेतली, तर ‘पोरं मागं ठेवली तर खातील काय’ हा आजीचा पहिला प्रश्न सुटतो. बघा, शिक्षणवाल्यांचं अडलेलं काम बचत गटवाल्यांनी सोडवलं. अशा जोड्या शोधत बसा. ध्येयधोरणाच्या चर्चेपेक्षा त्यात जास्त निष्पन्न होतं.

पुष्कळ संस्थांनी मिळून केलेल्या कामाचं आपल्याच राज्यातलं एक उदाहरण मी नेहमी देते. १९९८ ते २००० या काळात महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचे डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ते झालं आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. सरकारी नोंदीत येणारे मृत्यू आणि प्रत्यक्षात होणारे मृत्यू यांतलं प्रचंड अंतर त्याने उघडं केलं, आणि पुढे सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. त्या तेरा जणांनी एकत्र संस्था काढली नाही, कामाची पद्धत एकसारखी केली नाही. प्रश्न एकच घेतला, व्याख्या आणि मोजायची रीत एक ठेवली, आपापल्या गावांतच राहिले आणि निष्कर्ष एका आवाजात मांडला. ‘सर्वांगीण विकास’ असा विषय घेतला असता तर ते अजून बैठकाच घेत असते.

तुमच्या पाच जणांतही गरिबी या शब्दाचे पाच अर्थ असणार. शाळावाल्यांना हजेरी, पोषणवाल्यांना वजन, गटवाल्यांना घरातली रोकड. ते तसंच राहू द्या. एका हंगामासाठी एकच समाईक आकडा धरा: यादीतली किती मुलं जानेवारीत रोज शाळेत होती, इथे किंवा तिथे. ‘किती मुलं गावात थांबली’ हा आकडा मात्र धरू नका, आम्ही तिथे फसलो होतो. चौदा वर्षांची मुलगी चुलत्याच्या घरी थांबवली की आपला आकडा वाढतो आणि तिची रात्रीची झोप जाते. आईला ते कळत असतं, म्हणून ती मुलीला बरोबर नेते, नाहीतर लग्न लावून मोकळी होते. तिला अडाणी म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला मी एकदा बैठकीतून बाहेर पाठवलं आहे.

मोजण्यावरून आठवलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. सरकारी समितीसाठीच्या सर्वेक्षणात ८२,३०९ बायांची नोंद झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडे भयंकर होते आणि सगळे धावले, ते बरोबरच. पण काही वस्त्यांत त्याच बाईला त्याच वर्षात चार-पाच वेळा तेच प्रश्न विचारले गेले. शेवटी एक म्हणाली, ‘पिशवी काढली, आता जीभ बी काढून न्या.’ तेव्हापासून आमच्यात नियम आहे: नवीन सर्वेक्षण करायचं तर आधी बाकीच्यांना विचारायचं की हे उत्तर तुमच्याकडे आहे का.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. मी एका नेटवर्कमध्ये होते. लेटरहेड झालं, बोधचिन्ह झालं, आणि एका देणगीदाराने ‘तुमच्यातल्या एकाच्या खात्यात सगळ्यांसाठी पैसे देतो’ म्हटल्यावर वर्षभरात सगळं विसकटलं. कुणी खाल्ले नाहीत. फक्त कुणाच्या खात्यात यावर कुणीच उघड बोललं नव्हतं. आज तर कायद्यानेच ती वाट अरुंद केली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही, दुसरीची नोंदणी असली तरी. त्यामुळे मोठ्या संस्थेने निधी आणून छोट्यांना वाटायचा हा जुना साचा परदेशी पैशापुरता संपला. पळवाटा काढू नका. त्यापेक्षा कुणाकडे कोणता पैसा आहे आणि तो कशावर खर्चता येतो हे एका कागदावर मांडा, आणि कामं त्याप्रमाणे वाटून घ्या.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशात वेगळी अडचण. कंपनीला तिचे स्वतःचे लाभार्थी मोजून हवे असतात, म्हणून एकच सोनी चार अहवालांत जाते. यावर आम्ही असं केलं, की दोन देणगीदारांना एकत्र बसवून सांगितलं: मुलं तीच आहेत, तुमच्या पैशातून वसतिगृहाचा स्वयंपाक, यांच्या पैशातून संध्याकाळची शिकवणी. एकाला पटलं. दुसऱ्याने पुढच्या वर्षी हात आखडता घेतला. सगळं गोड होतं असं सांगणार नाही.

आणि सहकार्याला स्वतःचा खर्च असतो, तो कुणाच्याच बजेटात नसतो. यादी सांभाळायला, फोन करायला, कारखान्याकडे चार चकरा मारायला एक पूर्णवेळ माणूस लागतो. त्याचा पगार एका संस्थेच्या पुस्तकात दाखवा, पण निवड पाचही जणांनी करा आणि त्याला काढायचा अधिकार एकट्याला देऊ नका. छोट्या संस्थेच्या कार्यकर्तीला बैठकीचा प्रवासखर्च द्या. मोठी संस्था बोलेरोने येते. ती बाई दोन एसट्या बदलून, मजुरी बुडवून येते, आणि तांड्यावर कुणाचं ऐकतात तर तिचं. दोन पानांचा करार करा. त्यात बाहेर पडायचं झालं तर हंगामाच्या मध्ये पडायचं नाही हे कलम नक्की घाला. बॅनरवर नावं मुळाक्षरांच्या क्रमाने. हसू नका, यावरून तुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

सरकारी यंत्रणेसाठी नवी समिती काढू नका. गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. शाळा व्यवस्थापन समिती आहे. जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. निम्म्या कागदावरच असतात, तरी त्यांनाच जागं करणं स्वस्त पडतं, कारण अधिकारी बदलून गेला तरी समिती राहते. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरली आहेत, प्रत्येक तालुक्यात मुलांचं एक, मुलींचं एक. तुमच्या तालुक्यातलं कुठवर आलंय, जागा किती, रिकाम्या किती, हे पाचांपैकी एकाने दर महिन्याला जाऊन बघायचं काम अंगावर घ्यावं.

शेवटी दोन माणसं, ज्यांना आपण बैठकीला बोलावत नाही. एक मुकादम. उचलीच्या कर्जात माणूस बांधून ठेवणारा म्हणून तो आपल्याला नको असतो, आणि त्याच्याबद्दलचं आपलं मत चुकीचंही नाही. पण खरी यादी त्याच्या खिशात असते. दहांतले तीन-चार मुकादम पोरांच्या बाबतीत ऐकतात, त्यांच्या टोळ्यांपासून सुरुवात करा. दुसरी कामगार संघटना. जोडीवर उचल आहे म्हटल्यावर आई पोरांसाठी मागे राहिली की कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही, म्हणजे मुलाची शाळा शेवटी तोडणीच्या दराशी येऊन थांबते. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ झाली ती संघटनांनी संप आणि वाटाघाटी करून मिळवली, आपल्या कुठल्या प्रकल्पाने नव्हे. दराची बोलणी होतात तेव्हा पाळणाघर आणि वसतिगृह हे मुद्दे मागणीपत्रात जावेत यासाठी आपली यादी त्यांच्या हातात द्या. नावं झाकून, फक्त आकडे.

पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मुलं परततील तेव्हा यादी परत उघडायची. जूनची वाट न बघता एप्रिलमध्येच, कोण आलं, कोण नाही आलं, कुणाचं लग्न झालं, कुणाचं वजन किती.

तुमच्या गावांतल्या टोळ्यांचे यंदा कोणत्या कारखान्यांशी करार झालेत ते मुकादमांकडून काढून मला कळवा. कोल्हापूरकडे शिरोळ-हातकणंगले बाजूला असतील तर तिकडच्या दोघींशी तुमची गाठ घालून देते. बागलकोटकडे असतील तर थोडा वेळ लागेल, तिकडे माझी ओळख एकाच शिक्षकाशी आहे, त्यालाच विचारून बघते.